पिवळी पडलेली काच

सोनीबाई फरशी पुसत पुसत कोरड्या खोलीपर्यंत आली आणि सवयीनं दाराच्या काचेतून आत डोकावली. धम्मदीप उंदिरवाडे जमिनीवर पडला होता. डोळे उघडे होते. एक हात दाराच्या दिशेनं लांब झाला होता.

तिनं दार उघडलं नाही. कामावर लागली त्याच दिवशी तिला बजावलं होतं की या खोलीत श्वासापुरती हवा नसते, आत गेलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो. ती फाटकाकडे पळाली. पहारेकऱ्यानं खोलीतला नायट्रोजन बाहेर खेचणारा पंखा सुरू केला, मग दार उघडलं, आणि पोलिसांना फोन लावला.

सहायक पोलीस निरीक्षक नंदिनी खोब्रागडे हवालदार पत्रू मडावीला घेऊन पोचली तेव्हा कारखान्याच्या आवारात माणसं गोळा झाली होती.

'वैनसूर्य' कंपनीचा हा कारखाना चंद्रपूरच्या बाहेर, मूलच्या रस्त्याला. कोळशाच्या गावात उन्हाची वीज, म्हणून सुरुवातीला लोकांनी थट्टा केली होती. इथं सोलर पॅनल बनत, पण साधे नव्हेत. नेहमीच्या सिलिकॉनवर पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा केसाहून पातळ थर चढवला जाई. एक थर उन्हाचा एक भाग खातो, दुसरा उरलेला. तेवढ्याच छपरातून बरीच जास्त वीज निघते. तळहाताएवढ्या काचेवर हे पुष्कळांनी करून दाखवलं होतं. दाराएवढ्या काचेवर, आणि तेही रोज, ढिगानं करायचं, हे इथलं काम. धम्मदीप थर चढवण्याच्या विभागाचा प्रमुख होता.

नंदिनी दारात थांबून खोली न्याहाळत राहिली. दारावर दोन्ही बाजूंनी वापरायची पाटी होती. लाल म्हणजे आत नायट्रोजन, हिरवी म्हणजे आत हवा. लाल बाजू समोर होती. शेजारच्या खुंटीवर श्वासाचा मास्क आणि सिलिंडर जागच्या जागी टांगलेला. आत प्रेताजवळ चाकांची ट्रॉली, तीवर थर दिलेल्या मोठाल्या काचा आडव्या सरकवलेल्या. त्यांचा रंग हळदीसारखा पिवळा होता. पलीकडच्या भिंतीला लागून रॅक होता. त्यावरच्या काचा मात्र काळ्याकुळकुळीत.

दोन प्रकारचा माल असेल, असं तिला वाटलं. तिनं पत्रूला सगळ्याचे फोटो घ्यायला सांगितलं.

सोनीबाईला तिनं बाहेर बाकावर बसवलं.

"दार बंद होतं?"

"बंदच होतं मॅडम. कडी नोती लावली."

"पाटी?"

"लाल."

"आत आणखी काय दिसलं?"

सोनीबाईनं आठवून पाहिलं. "त्या काचा. पिवळ्याजर्द. मले वाटलं, या कोणत्या नव्या आल्या."

खोलीतलं काम पत्रूवर सोपवून नंदिनी शास्त्रज्ञ डॉक्टर निकुरे यांना शोधायला निघाली.

प्रवीण निकुरे पायरीवर बसले होते, चष्मा हातात. पन्नाशीचा माणूस, मूळचा चिमूरकडचा. परदेशात नाव काढून परत आलेला. मोठ्या काचेच्या कडा बंद करायची पद्धत त्यांनीच शोधून काढली होती आणि तिच्यावरच हा कारखाना उभा होता. धम्मदीपला शिकवलं त्यांनीच. ते रडत होते आणि लपवतही नव्हते.

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलं?"

"काल संध्याकाळी. काचांची खेप मशीनमधून निघाली. त्यानं ट्रॉली लगेच कोरड्या खोलीत नेली. मी म्हटलं, निघतो. तो म्हणाला, सर, एवढं आटोपून मीही जातो."

"तुमच्या डोळ्यांदेखत नेली?"

"हो. मशीनमधून थेट आत."

"मास्क न लावता?"

"पाठमोरा होता. मी नीट पाहायला हवं होतं."

"आत हवा कमी झाली की घंटा वाजते, असं पहारेकरी सांगतो. ती वाजली नाही."

निकुरेंनी मान खाली घातली. भिंतीवरचं ते यंत्र उगाच वाजत होतं म्हणून काल दुपारी आपणच काढून ठेवलं, असं ते म्हणाले. छातीला लावायची छोटी यंत्रं मागवली होती, ती यायची होती. जे झालं त्याला आपणच जबाबदार आहोत, तसं लिहून घ्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ती उठली तशी त्यांनी हलक्या आवाजात एक विनंती केली. ट्रॉलीवरच्या काचांच्या थरात शिसं आहे, ओल्या हवेत त्या उघड्या ठेवणं बरं नव्हे. आमची माणसं त्या लगेच पेटीत बंद करून घेऊन जातील.

नंदिनी म्हणाली, पंचनामा झाल्याशिवाय इथली काडीही हलणार नाही.

कंपनीचा मालक कुलदीप सहारे तेवढ्यात नागपूरहून आला. आदल्या दिवशी सकाळपासून तो तिथं बँकवाल्यांसोबत होता. इथल्या दसपट मोठ्या कारखान्याचा निर्णय पुढच्या आठवड्यात व्हायचा होता. त्याचा शर्ट घामानं भिजला होता आणि तो एकाच वेळी दोन गोष्टी बोलत होता. एक म्हणजे हा अपघात आहे, लवकर मिटवा. दुसरी म्हणजे अपघात नसेल तर धनराज गेडामला धरा. धनराज इथं मशीनवर होता. कोरड्या खोलीचं दार उघडं टाकलं म्हणून धम्मदीपनं त्याला गेल्या महिन्यात कामावरून काढलं. फाटकात उभा राहून त्यानं शिव्या दिल्या होत्या. आणि काल संध्याकाळी तो आवारात होता, पहारेकऱ्यानं पाहिलं.

"काल तो कशाला आला होता?"

"ते तुम्हीच विचारा त्याला," कुलदीप म्हणाला.

दुपार कलेपर्यंत पंचनामा चालला. प्रेत हलवल्यावर नंदिनी पुन्हा खोलीत गेली. काहीतरी बदलल्यासारखं तिला वाटत होतं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं. सकाळी रॅकवरच्या काचा काळ्या होत्या. आता त्यांच्या कडांना पिवळसर झाक आली होती.

तिनं पत्रूला पुन्हा फोटो काढायला लावले आणि खोलीला सील ठोकलं.

धनराज त्याच दिवशी दुर्गापूरच्या बाजूला मेहुण्याकडे सापडला. तिशीचा, खांदे पाडून चालणारा माणूस. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा धम्मदीप गेल्याचं त्याला आधीच कळलेलं होतं.

"काल तिथं काऊन गेला होता?" पत्रूनं विचारलं.

"धम्मदीपभाऊनंच बलावलं होतं. म्हणाले, ये, तुले परत घ्याचं पाहतो."

"शिव्या देणाऱ्याला परत घेत होते?"

"शिव्या देल्या ना मी. मंग त्यायच्या घरी जाऊन माफीबी मागतली. माणूस तसा नोता तो."

नंदिनीनं विचारलं, "भेटले का ते?"

"नाई मॅडम. मी मागच्या जाळीपासून पायलं. मशीन बंद होती. काचायची गाडी बाहेरच, वाटेत उभी होती. मले वाटलं भाऊ चाहाले गेले असन. लय वेळ बसलो तिथीच. मंग अंधारून आलं, गेलो निघून."

"गाडी तोवर बाहेरच होती?"

"बाहेरच होती."

पत्रूनं नंदिनीकडे पाहिलं. डॉक्टर निकुरे म्हणत होते, ट्रॉली मशीनमधून थेट आत गेली. हा म्हणत होता, बाहेर उभी होती. एक नावाजलेला शास्त्रज्ञ, दुसरा कामावरून काढलेला, पूर्वी शिव्या दिलेला. वरच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता, माणूस हातात आहे तर अटक का दाखवत नाही म्हणून. नंदिनीनं धनराजला ठाण्यातच बसवून ठेवलं आणि अटक दाखवली नाही. तिला स्वतःला ते बरोबर वाटत होतं की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, अंत्यसंस्कार झाल्यावर, ती धम्मदीपच्या घरी गेली. समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या जळत होत्या. धम्मदीपची आई, केसरबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिनं नंदिनीला जवळ बोलावलं, गाव विचारलं, आईवडील आहेत का विचारलं.

धम्मदीपची बायको संघप्रिया कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. ती नंदिनीला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिचा आवाज कोरडा होता.

तिनं सांगितलं ते असं. कुरखेड्याच्या पुढं जंगलात येरंडटोला नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांच्या गटाच्या धानगिरणीवर कंपनीनं मोठे पॅनल चाचणीसाठी लावले होते. पाऊस सुरू झाल्यावर धम्मदीप ते पाहायला गेला. परतला तो गप्प होऊन. कंपनीच्या गाडीत एक पॅनल घोंगडीत गुंडाळून आणला होता. हा मी कोरड्या खोलीतच उघडीन, सरांसमोर, एवढंच तो म्हणाला.

"कोणते सर?"

"तो दोघांनाही सरच म्हणायचा. निकुरे सरांना आणि कुलदीप सरांनाही."

कारखान्यात घोंगडीही नव्हती आणि असा पॅनलही नंदिनीला दिसला नव्हता. तिनं तसं सांगितलं. मग मोबाइल काढून फोटो पुढे केले.

"काही काचा काळ्या आहेत, काही पिवळ्या. हे वेगवेगळे प्रकार आहेत का?"

संघप्रियानं फोटो मोठा करून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"नाही. एकच आहे. हा थर काळाच असतो. वरून दुसरी काच बसवून कडा बंद करेपर्यंत त्याला ओली हवा सोसत नाही. अशा दिवसात उघडा राहिला तर काही तासांत पिवळा पडतो. मग त्यातून वीज निघत नाही."

"आणि नायट्रोजनमध्ये ठेवला तर?"

"आठवडे काळाच राहील. त्यासाठीच तर ती खोली." ती थांबली. "या ट्रॉलीवरच्या काचा आत न्यायच्या आधीच हवेत पडून होत्या. धम्मदीप असं करणार नाही. एवढ्यासाठी तर त्यानं धनराजला काढलं होतं."

नंदिनीनं लगेच कारखाना गाठला. खेपच बिघडलेली असली तर हे सगळं व्यर्थ होतं. तिथं कळलं की प्रत्येक खेपेतली पहिली काच तपासणीसाठी मशीनशेजारच्या, ओली हवा न लागणाऱ्या बंद कपाटात ठेवतात. तिनं ते कपाट पंचांसमक्ष पाहिलं. काच काळीभोर होती.

त्यानंतर ती आणि पत्रू येरंडटोल्याला निघाले. गडचिरोलीच्या अलीकडे वैनगंगा दुथडी भरून वाहत होती, पुलावर लोक गाड्या थांबवून पाणी पाहत होते. आरमोरी मागे पडल्यावर धानाच्या बांध्या लागल्या, रोवणीच्या बायका ओणव्या. कुरखेड्यानंतर रस्ता साग-मोहाच्या जंगलात शिरला. पत्रू या मुलखातला. तो बाहेर पाहत होता.

धानगिरणी गावाच्या टोकाला होती. छपरावर पॅनलांची रांग, मधोमध एक जागा रिकामी. गटाची अध्यक्ष सोमारी नरोटे चिखलाचे पाय धुऊन आली. पत्रू तिच्याशी गोंडीत बोलला, तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. पुढचं ती मराठीत बोलली.

उन्हाळाभर गिरणी झकास चालली होती. पाऊस लागला आणि जोर कमी कमी होत गेला. धम्मदीप आला, छपरावर चढला, काचांच्या कडा बोटानं चाचपत बसला. खाली उतरून त्यानं पहिलं काय विचारलं, तर छपराचं पाणी कुठं जातं. पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात उतरत होतं. त्यानं विहिरीचं पाणी प्यायला मनाई केली, दोन बाटल्यांत भरून घेतलं आणि दुसऱ्या टोकाचा हापसा वापरा म्हणून घरोघर जाऊन सांगितलं.

"तेव्हा ते कुणाशी बोलले का? फोनवर?"

"इथी फोन नाई लागत. बोडीच्या पारीवर जा लागते, त्या तलावाच्या बांधावर. मी सोबत गेलती. दोनदा लावला त्यायनं."

"काय बोलले?"

सोमारीनं पदर खोचला. "पयल्यांदा नुसतं म्हणाले, आलो की बोलू. दुसऱ्यांदा लय वेळ बोलले. म्हणाले, सर, हे झाकून नाई चालणार, लोक पाणी पेतेत इथलं. मंग ऐकत राह्यले. मंग म्हणाले, ठीक आहे सर, तुमी आधी पाहा, मंग वर सांगू."

"वर सांगू?"

"हो. असंच म्हणाले. मंग वर सांगू."

फोन कंपनीकडून आलेल्या माहितीत त्या दिवशी धम्मदीपनं कुलदीपलाही फोन लावल्याचं होतं आणि निकुरेंनाही. नुसत्या तेवढ्यावरून काहीच ठरत नव्हतं. सोमारीच्या एका वाक्यानं मात्र बरंच ठरलं होतं.

परतल्यावर तिनं कारखान्याची भंगाराची शेड उपसून काढायला लावली. फुटक्या काचांच्या ढिगाखाली एक पॅनल निघाला. चौकट उचकटलेली, नंबराची पट्टी खरवडलेली. आत कडेकडेनं पिवळा पट्टा पसरला होता. कडेच्या मऊ झालेल्या डिंकात धानाचा कोंडा रुतून बसला होता.

तिनं सगळ्यांना कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. कुलदीप, निकुरे, संघप्रिया. धनराजला पत्रू घेऊन आला आणि दाराजवळ बसवला. कुलदीपनं त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं.

नंदिनी उभीच राहिली.

"धम्मदीप उंदिरवाडे सावध माणूस होता. लाल पाटी लावलेली असताना, मास्क खुंटीवर सोडून तो त्या खोलीत गेला, हे मला पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. घाई होती म्हणावं, तर घाई कशाची? त्याचं उत्तर ट्रॉलीनं दिलं. काचा मशीनमधून निघाल्या, त्या लगेच आत न्यायच्या होत्या. ती ट्रॉली तिथं होती म्हणून आपण मानलं की तो कामासाठी आत गेला."

तिनं पिवळ्या काचांचा फोटो टेबलावर ठेवला.

"पण त्या काचा पिवळ्या होत्या. दार उघडण्याआधी सोनीबाईनं त्या पिवळ्या पाहिल्या. मी पोचले तेव्हा त्याच खोलीत रॅकवरच्या काचा काळ्या होत्या. त्या दिवसभरात, हवा लागल्यावर, माझ्यासमोर पिवळ्या पडायला लागल्या. त्याच खेपेतली बंद कपाटातली काच आजही काळी आहे. म्हणजे ट्रॉली संध्याकाळी बराच वेळ बाहेर ओल्या हवेत उभी होती आणि मग कुणीतरी आत ढकलली. धनराज हेच सांगत होता. त्याचं मी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. ही माझी चूक झाली."

धनराजनं मान वर केली.

"खोलीत हवा असताना काचा आत नेऊन उपयोग नव्हता, म्हणून धम्मदीप आत गेला तो ट्रॉली बाहेर ठेवून. त्याच्या हातात येरंडटोल्याहून आणलेला पॅनल होता. तो त्याला कोरड्या जागी उघडून दाखवायचा होता, कडा नेमक्या कुठून फुटल्या ते. खोलीत हवा आहे असं समजून तो गेला. दारावर हिरवी पाटी होती आणि ज्यानं ती फिरवली, त्याच्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. घंटा दुपारीच काढलेली होती. नंतर त्याच माणसानं मास्क लावून पॅनल बाहेर काढला, ट्रॉली आत ढकलली, पाटी लाल केली, मास्क परत टांगला. ट्रॉली नसती तर प्रश्न आला असता की हा आत गेलाच कशाला."

कुलदीप निकुरेंकडे पाहत होता.

"बोडीच्या पारीवरून धम्मदीप म्हणाला, सर, तुम्ही आधी पाहा, मग वर सांगू. मालकाच्या वर इथं कुणी नाही. आणि डॉक्टरसाहेब, तुमचा जबाब माझ्याकडे आहे. ट्रॉली मशीनमधून थेट आत गेली आणि ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली. तसं झालं असतं तर त्या काचा काळ्या असत्या. हे इथं तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्या काचा लगेच पेटीत बंद करून न्यायच्या होत्या तुम्हाला."

निकुरेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी पाहिलं होतं पिवळं पडताना," ते म्हणाले. "आत ढकलतानाच कळलं होतं. पण दुसरी खेप मला एकट्याला काढता आली नसती. मला वाटलं, पोलिसांना काय समजणार."

त्यांनी स्वतःच पुढं सांगितलं. लहान काचेवर त्यांची कड पक्की बसत होती. मोठ्या काचेवर उन्हानं ती ताणली जायची आणि पावसात पाणी शिरायचं. हे त्यांना उन्हाळ्यातच कळलं होतं. नवा डिंक तयार होत आला होता. बँकेचा होकार येईपर्यंत गप्प राहू, पावसाळा संपला की सगळे पॅनल बदलून टाकू, असं त्यांनी धम्मदीपला विनवलं. धम्मदीप म्हणाला, पॅनल बदलता येतील, पण लोक पाणी आज पीत आहेत. उद्या मी कुलदीप सरांना सांगणार.

"माझी वीस वर्षं होती त्यात," निकुरे म्हणाले.

संघप्रियानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "तो पडला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

निकुरेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दाराबाहेर. काचेतून दिसत होतं."

"दार उघडता आलं असतं?"

"हो."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठून बाहेर गेली. पत्रूनं निकुरेंच्या दंडाला धरलं, तेव्हा ते आज्ञाधारकपणे उभे राहिले.

बँकेची बैठक झाली नाही. कुलदीपनं सगळं कळवून टाकलं आणि कारखान्याला कुलूप लावलं. धनराजला सोडलं तेव्हा तो ठाण्याच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिला. आता परत घेणारा माणूसही नाही आणि कारखानाही नाही, एवढंच तो म्हणाला. विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली. शिसं निघालं, थोडं होतं, पण निघालं. विहीर बंद केली. गावातल्या लहान मुलांचं रक्त तपासायला डॉक्टर गेले.

पोळा झाल्यावर एके सकाळी संघप्रियाचा फोन आला. येरंडटोल्याचे उरलेले पॅनल उतरवून आणायचे आहेत, कुलदीप सरांनी गाडी दिली आहे, धनराज येतोय. पंचनाम्याला कुणी हवं असेल तर या. पंचनाम्याला नंदिनीनं जाण्याची गरज नव्हती. ती गेली.

धनराज आणि गावातली माणसं छपरावर चढली. एकेक पॅनल दोरानं खाली येऊ लागला, आणि संघप्रिया हातमोजे घालून प्रत्येकाला जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू लागली. गिरणी बंदच होती. बायका धान टोपल्यांत घेऊन कुरखेड्याला जात होत्या, पूर्वीसारख्या.

सोमारी संघप्रियाजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, यायच्यापायी तुमचा माणूस गेला."

संघप्रियानं हातातली गाठ पक्की केली. "यांच्यापायी नाही. बिघडलंय हे झाकायचं होतं कुणाला तरी, त्यापायी गेला."

"मंग चांगल्या बनतीन का कधी?"

"बनतील. डिंक जवळजवळ झालाय. कॉलेजात मी त्यावर काम करायचं म्हणतेय."

"बनल्या का इथी आणून लावसान?"

"आधी माझ्या घरावर लावीन," संघप्रिया म्हणाली. "खालचं पाणी मी पीन. दोन पावसाळे जाऊ देईन. मग तुम्हाला विचारायला येईन."

सोमारीनं थोडा विचार केला. मग ती खाली वाकली आणि पुढचा पॅनल गुंडाळायला दुसऱ्या बाजूनं धरला.

"या तुमी," ती म्हणाली. "आमी थांबू."